विम्याचा कागद पुन्हा वाचताना

प्रस्तावना

घर बदलले की शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलून घ्यावा लागतो, हे आपल्याला ठाऊक असते. मूल शाळेत घालायचे म्हटले की जन्माचा दाखला आपण आधीच शोधून ठेवतो. विम्याच्या कागदाबाबत मात्र अशी जागरूकता सहसा दिसत नाही. तो एकदा हाती आला की पेटीच्या तळाशी जातो आणि काही विपरीत घडले म्हणजेच बाहेर निघतो. मधल्या काळात माणसाचा पगार वाढलेला असतो, नोकरी बदललेली असते, लग्न झालेले असते, डोक्यावर कर्ज आलेले असते. कागद मात्र जुन्याच माणसाचे वर्णन करीत राहतो.

मृत्यूनंतर घराचे काय होईल, याची चिंता अनेकजण करतात. आपण जिवंत राहिलो, पण काम करू शकलो नाही तर काय, हा प्रश्न तितक्या सहजपणे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक हात किंवा दृष्टी गमावलेल्या माणसाची कमाई थांबते किंवा घटते. त्याचा खर्च मात्र चालू राहतो, उलट औषधोपचारामुळे वाढतो. अशा प्रसंगी उपयोगी पडणारे संरक्षण कशाकशावर अवलंबून असते, आणि आयुष्यातील कोणत्या बदलानंतर ते तपासून पाहावे लागते, हे या पाठात आपण गुरुग्राम येथील कामगारांच्या उदाहरणावरून समजून घेणार आहोत.

मानेसरचे कारखाने

दिल्लीच्या नैऋत्येला हरियाणा राज्यात गुरुग्राम हे शहर आहे. २०१६ पर्यंत त्याचे अधिकृत नाव गुडगाव असे होते. १९८३ साली येथे मारुती मोटारींचे उत्पादन सुरू झाले आणि शेतीच्या या प्रदेशाचे रूप पालटले. पुढे दिल्ली–जयपूर महामार्गावर मानेसरची औद्योगिक वसाहत वाढली. मोटारी आणि दुचाकी तयार करणाऱ्या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे पसरले. तेथील कामगार बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार अशा राज्यांतून आलेले असतात आणि त्यांपैकी पुष्कळजण ठेकेदारामार्फत कामावर लागतात. चाकण, भोसरी किंवा वाळूज येथे राहणाऱ्या वाचकाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

या कारखान्यांत पॉवर प्रेस नावाचे यंत्र असते. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, प्रेस खाली येते, तुकड्याला आकार मिळतो, तो काढून दुसरा ठेवायचा. एका पाळीत ही क्रिया शेकडो वेळा करावी लागते. यंत्राला हात ओळखून थांबणारी सुरक्षासाधने नसतील, किंवा ती बंद करून ठेवलेली असतील, तर एका क्षणाच्या अनवधानाने बोटे साच्यात सापडतात. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही गुरुग्राम परिसरातील संस्था अशा जखमी कामगारांना त्यांचे विम्याचे लाभ मिळवून देण्यासाठी मदत करते. २०१९ पासून ती 'क्रश्ड' या नावाने अहवालही प्रसिद्ध करीत आली आहे. या अहवालांतून पुन्हा पुन्हा समोर आलेली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. विम्याचे ओळखपत्र नोकरीच्या प्रारंभीच मिळावयास हवे. परंतु अनेक जखमी कामगारांच्या हाती ते अपघात झाल्यानंतर पडले होते. संरक्षण आहे की नाही, हे त्यांना बोट गेल्यावर कळले.

कर्मचारी राज्य विमा: मिळते काय?

कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व भारतात १९२३ च्या कायद्याने मान्य झाले. त्यात भरपाईसाठी कामगाराला मालकाशी झगडावे लागे. ही जबाबदारी एका विमानिधीकडे सोपवण्याची कल्पना प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालातून पुढे आली. त्यानंतर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस प्रारंभ झाला. हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. योजनेची मूळ चौकट मात्र तीच आहे.

१ जुलै २०१९ पासून या योजनेसाठी कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के अंशदान घेण्याचे ठरले. म्हणजे १५,००० रुपये वेतनावर कामगाराचे सुमारे ११३ रुपये कापले जातात आणि मालक सुमारे ४८८ रुपये भरतो. कामावर इजा होऊन काही काळ काम करता येत नसेल, तर सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. यासाठी अमुक इतके महिने अंशदान भरलेले असावे, अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी झालेला अपघातही धरला जातो. २०१० च्या दुरुस्तीनंतर घर आणि कामाचे ठिकाण यांदरम्यान झालेल्या अपघाताचाही, त्याचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, समावेश होतो.

इजा कायमची असेल तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली हे ठरवते. काही इजांचे प्रमाण कायद्याच्या परिशिष्टातच दिलेले आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी संपूर्ण गेल्यास १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के. एवढ्या प्रमाणात दैनिक लाभ त्या माणसाला आयुष्यभर मिळत राहतो. (शासकीय रुग्णालय देते ते दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि हे कमाईच्या क्षमतेचे प्रमाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकावरचा आकडा पाहून दुसऱ्याविषयी निराश होऊ नये.)

एक ढोबळ हिशेब करून पाहू. वेतन १५,००० रुपये, म्हणजे दिवसाला ५००. त्याचे ९० टक्के म्हणजे ४५० रुपये. तर्जनी गेली असेल तर ४५० चे १४ टक्के, म्हणजे दिवसाला ६३ रुपये. महिन्याला सुमारे १,८९० रुपये. आता असे समजा की त्या कामगाराला १५,००० रुपये मिळत होते खरे, पण त्यांपैकी ५,००० रुपये रोख हातावर दिले जात आणि कागदावर १०,००० रुपयेच दाखवले जात. तर हाच लाभ दिवसाला ४२ रुपये, म्हणजे महिन्याला १,२६० रुपये होईल. दरमहा ६३० रुपयांचा हा फरक जन्मभराचा आहे. दर महिन्याला तीस-चाळीस रुपयांची कपात वाचली म्हणून समाधान मानणाऱ्या कामगाराने हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा.

पाठगत प्रश्न: वेतन १८,००० रुपये असलेल्या कामगाराचा अंगठा कामावर असताना गेला. वरील रीतीने त्याचा मासिक लाभ काढा.

एका कामगाराची बारा वर्षे

योजनेचे नियम वाचून संरक्षणाची खरी कल्पना येत नाही. म्हणून एका कल्पित कामगाराच्या आयुष्यातून आपण ते पाहू. समजा, परभणी जिल्ह्यातील एक तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण करून एकविसाव्या वर्षी मानेसरला आला. पहिले वर्ष तो शिकाऊ उमेदवार होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नेमलेला तरुण राज्य विमा योजनेत 'कर्मचारी' धरला जात नाही. त्याला इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या कायम कामगाराकडे विम्याचे ओळखपत्र आहे आणि आपल्याकडे नाही, याचा अर्थ त्याने त्याच वर्षी विचारून घ्यावयास हवा होता.

दुसऱ्या वर्षी तो एका ठेकेदाराकडे लागला आणि त्याची नोंदणी झाली. त्याला दहा अंकी विमा क्रमांक मिळाला. हा क्रमांक एका माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. पुढे दोन वर्षांत त्याने तीन ठेकेदार बदलले. प्रत्येक ठिकाणी जुना क्रमांक सांगितला तर सर्व अंशदान एकाच नावाखाली जमा होते. न सांगितल्यास नवा क्रमांक पडतो आणि नोंदी विखुरतात. कामावरील इजेच्या लाभाला याने तितका धक्का बसत नाही. पण दीर्घ आजारासाठी मिळणाऱ्या वाढीव आजारपण लाभाला दोन वर्षांची सलग नोकरी लागते, आणि तुटक नोंदींवरून ती सिद्ध करणे कठीण जाते.

पंचविसाव्या वर्षी त्याचे लग्न झाले. विमा नोंदीत पत्नीचे नाव घालणे, तिचे आधार जोडणे, भविष्य निर्वाह निधीतील नामनिर्देशन बदलणे, ही कामे लग्नाच्या धांदलीत मागे पडतात. आपल्या समाजात ती करून घेण्याची आठवण बहुधा कोणी करून देत नाही. मानपानाची मात्र सर्वांना आठवण असते.

यानंतर जे घडले ते या पाठाचा गाभा आहे. एकोणतिसाव्या वर्षी तो पर्यवेक्षक झाला. जुलै महिन्यात त्याचे वेतन २०,५०० वरून २१,६०० रुपये झाले. राज्य विमा योजनेत वेतनाची एक मर्यादा असते. ती २००४ मध्ये ७,५०० रुपये होती; २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ती २५,००० रुपये ठरवण्यात आली. अंशदानाचे दोन कालखंड असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू झाल्यानंतर वेतन मर्यादेबाहेर गेले, तर तो कालखंड संपेपर्यंत कामगार योजनेत राहतो. म्हणजे हा तरुण ३० सप्टेंबरपर्यंत संरक्षित होता आणि १ ऑक्टोबरपासून नव्हता.

त्या दिवशी त्याच्या आयुष्यात काहीही घडले नाही. यंत्र तेच, पाळी तीच. ऑक्टोबरच्या पगारपत्रकावर एक कपात दिसेनाशी झाली, एवढेच. घरी पेढे वाटले गेले ते जुलैमध्येच. ओळखपत्र अजून त्याच्या खिशात होते. आणि ते खिशात आहे म्हणजे आपण विमाधारक आहोत, असे त्याला वाटत राहणे अगदी स्वाभाविक होते.

आता त्याला कामावर इजा झालीच, तर भरपाईची जबाबदारी पुन्हा मालकाकडे जाते. ही भरपाई इजेचे प्रमाण, वय आणि वेतन यांवरून काढलेली एकरकमी असते. ती कधीकधी मोठीही असते. पण ती मागावी लागते, वाद झाला तर सक्षम अधिकाऱ्यापुढे न्यावी लागते, आणि तोपर्यंत घरखर्च कसा चालवायचा हा प्रश्न उरतोच. शिवाय कामाबाहेर झालेल्या आजाराचे किंवा अपघाताचे संरक्षण यात मुळीच नसते. म्हणून बढतीचे पत्र हाती आल्यावर कामगाराने कार्यालयात एक साधा प्रश्न विचारावा: राज्य विमा सुटल्यानंतर कंपनीचा समूह अपघात विमा आपल्याला लागू होतो काय, त्याची रक्कम किती, आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाची साप्ताहिक भरपाई आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर वाढलेल्या अकराशे रुपयांतील काही भाग वैयक्तिक अपघात विम्यासाठी लावणे हाच शहाणपणा होय. त्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाने 'सरल सुरक्षा बीमा' या नावाचे समान अटींचे विमापत्र २०२१ पासून उपलब्ध करून दिले आहे. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्याच.

नोकरी सुटते तेव्हा

तेहतिसाव्या वर्षी त्याने नोकरी सोडली. कर्ज काढून एक जुनी मालवाहू गाडी घेतली आणि स्वतः चालवू लागला. गुरुग्रामात असे कारखान्यातून निघून टॅक्सी चालवणारे किंवा दुचाकीवरून घरोघर माल पोहोचवणारे पुष्कळ आढळतात. नोकरी संपताच कामावरील इजेचे संरक्षण संपते. वैद्यकीय सेवा काही महिने मिळू शकते, आणि त्यामुळेच गैरसमज होतो. (नोकरीतील इजेमुळेच काम सोडावे लागलेल्या विमाधारकास मात्र वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ही तरतूद फारच थोड्यांना माहीत असते.)

गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो; २०१८ पासून त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये करण्यात आली. दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण रक्कम, एक गेल्यास निम्मी. परंतु हा विमा गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी असतो, आणि त्याच्याकडे वैध परवाना असावा लागतो. जुनी गाडी घेतली, व्यवहार झाला, पण नोंदणी आणि विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला, तर चालवणाऱ्याच्या डोक्यावर हे छत्र नसते. गाडी विकत घेणाऱ्याने किल्ली हाती येताच विमा कार्यालय गाठले पाहिजे.

घरोघर माल पोहोचवणाऱ्यांना काही कंपन्या समूह अपघात विमा देतात. तो बहुधा काम चालू असतानाच्या वेळेपुरता असतो. घरी परततानाचा अपघात त्यात येतो की नाही, हे विमापत्र वाचूनच कळते. सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या प्रथमच केली आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद केली. हे पाऊल महत्त्वाचे आहे. पण स्वतःचा कागद वाचण्याची गरज त्याने संपत नाही.

वीस रुपयांचा विमा

मे २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अनेकांच्या बँक खात्याला जोडलेली असते. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारासाठी ती आहे. जून २०२२ मध्ये तिचा वार्षिक हप्ता १२ वरून २० रुपये झाला. अपघातात मृत्यू आल्यास किंवा संपूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास दोन लाख रुपये, आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात.

या योजनेच्या दोन बाजू ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. बोट गेल्यास तिच्यातून काहीही मिळत नाही. मानेसरच्या प्रेसवरील नेहमीची इजा तिच्या कक्षेबाहेर राहते. दुसरे असे की हप्ता दरवर्षी मे अखेरीच्या सुमारास खात्यातून आपोआप कापला जातो. ठेकेदार बदलला की कामगाराचे पगाराचे खातेही बदलते. जुन्या खात्यात दहा रुपये शिल्लक असतील तर हप्ता कापला जात नाही आणि विमा संपतो. याउलट दोन खात्यांतून दोनदा हप्ता गेला तरी भरपाई एकदाच मिळते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

कर्ज आणि बंद पडलेली पॉलिसी

गाडीच्या किंवा घराच्या कर्जासोबत बँक विमा देते तेव्हा तो पुष्कळदा मृत्यूपुरताच असतो. कर्जदार जिवंत आहे पण चालू शकत नाही, अशा स्थितीत हप्ते थांबत नाहीत. आयुर्विम्याच्या विमापत्राला अपघाती अपंगत्वाचे जोडपत्र घेता येते. आयुर्विमा महामंडळाच्या अशा जोडपत्रानुसार अपघाताने संपूर्ण व कायमचे अपंगत्व आल्यास विम्याची रक्कम दहा वर्षे मासिक हप्त्यांनी मिळते आणि पुढील विमाहप्ते माफ होतात. पण अडचणीच्या काळात मूळ हप्ता थकला आणि विमापत्र बंद पडले, की जोडपत्रही त्याच्याबरोबर जाते. ज्या काळात पैसा कमी असतो त्याच काळात धोका अधिक असतो. तेव्हा आधी कोणता खर्च कमी करायचा याचा विचार घरातील सर्वांनी मिळून करावा.

वैयक्तिक अपघात विम्यात धंद्यानुसार धोक्याचे वर्ग असतात. कार्यालयात बसून काम करणारा एका वर्गात, यंत्रावर किंवा वाहनावर काम करणारा दुसऱ्या. पर्यवेक्षक असताना घेतलेला विमा चालक झाल्यावर तसाच ठेवला आणि धंदा बदलल्याचे कळवले नाही, तर भरपाईच्या वेळी वाद उद्भवतो. हप्ता थोडा वाढेल या भीतीने न लिहिलेले एक पत्र पुढे फार महाग पडते.

१९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील तरतूदही अनेकांच्या नजरेतून सुटते. नोकरीत असताना संपूर्ण व कायमचे अपंगत्व आले, तर एका महिन्याचे अंशदान भरलेल्या सभासदालाही निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट लागत नाही.

अपघात झालाच तर

कारखान्यातील अपघाताचा अहवाल मालकाने विमा कार्यालयाकडे पाठवायचा असतो. त्यात तारीख, वेळ, यंत्र आणि इजा यांची नोंद बरोबर आहे ना, हे कामगाराने किंवा त्याच्या सोबत्याने पाहून घ्यावे आणि प्रत मागून घ्यावी. रुग्णालयात 'घरी पडलो' असे सांगण्याचा आग्रह कोणी केला तरी तसे सांगू नये. पहिल्या केसपेपरवर जे लिहिले जाते तेच पुढे पुरावा ठरते. वैद्यकीय मंडळाने ठरवलेले प्रमाण कमी वाटल्यास ठराविक मुदतीत अपील करता येते.

स्वाध्याय

१. शिकाऊ उमेदवार, ठेकेदाराचा कामगार आणि स्वतःची गाडी चालवणारा यांना कामावर इजा झाल्यास भरपाई कोणाकडे मागावी लागेल, ते पाठाच्या आधारे लिहा.

२. वेतनवाढ झाल्यामुळे संरक्षण कमी होऊ शकते. हे कसे घडते, ते आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

३. आपल्या किंवा शेजारच्या घरातील एका कमावत्या व्यक्तीचे पगारपत्रक, बँकेचे पासबुक आणि विम्याचे कागद तिच्या परवानगीने पाहा. गेल्या पाच वर्षांत तिच्या आयुष्यात कोणते बदल झाले आणि त्यांपैकी कोणते या कागदांवर उतरले नाहीत, याची नोंद करा.

४. धंदा बदलल्याचे कळवणारे पत्र विमा कंपनीच्या शाखाधिकाऱ्यांना लिहा. विमापत्राचा क्रमांक, जुना व्यवसाय, नवा व्यवसाय आणि बदलाची तारीख यांचा उल्लेख करा.